पत्र्याच्या आणि स्लॅबच्या घराला सुरक्षित इन्सुलेशन: डोक्यावरच्या पोकळीत काय भरावं, काय भरू नये

एप्रिल लागला की लातूर, बीड, परभणीच्या बाजारात थर्माकोलच्या शीटा, चंदेरी फॉइलचे रोल आणि पीव्हीसीच्या पट्ट्या दुकानाबाहेर रचून ठेवलेल्या दिसतात. घरात पत्र्याची धग असते, लेकरं घामोळ्यांनी बेजार झालेली असतात, म्हातारी माणसं दुपारी झाडाखाली बाज टाकून बसतात. अशा वेळी माणूस हाताला लागेल ते आणतो आणि पत्र्याखाली ठोकून मोकळा होतो. घर किती गार होईल हे प्रत्येक जण विचारतो. पण हे पेटलं तर काय, भिजलं तर काय, यात उंदीर शिरले तर काय आणि यातून विजेची वायर गेलेली असेल तर काय, हे विचारणारं गिऱ्हाईक क्वचित भेटतं. माझ्या मते इन्सुलेशनची, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या थराची, निवड या चार प्रश्नांपासून सुरू व्हायला हवी, गारवा त्यानंतर.

थंड देशांत लाकडी घरांच्या जमिनीखाली रांगत शिरावं लागेल एवढी बुटकी पोकळी असते. तिथलं इन्सुलेशन निवडताना लोक ओल, बुरशी, उंदीर आणि आग यांचा विचार करतात. आपल्याकडे जमिनीखाली तशी पोकळी नसते, ती असते पत्रा आणि सिलिंग यांच्या मधे. धोके मात्र तेच. शिवाय ही पोकळी झोपलेल्या माणसाच्या बरोबर वर असते आणि मे महिन्यात तिथे हात घालवत नाही इतकी ती तापते.

मराठवाड्यात आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही, ती म्हणजे वजन. आपली जुनी माळवदाची घरं उन्हाळ्यात गार असायची, कारण तुळया-सरांवर फूट-दीड फूट पांढरी माती असायची आणि दरसाल पावसाळ्याआधी तिच्यावर नवा थर पडायचा. दहा बाय पंधराच्या एका खोलीवर एक फूट माती म्हणजे जवळपास सात टन. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात भूकंप झाला तेव्हा दगडमातीच्या भिंती फाकल्या आणि ही माती झोपलेल्या माणसांवर आली. हजारो माणसं गेली. त्यानंतर लोकांचा मातीच्या छतावरचा विश्वास उडाला. पत्रा आणि स्लॅब आले, पण छत हलकं झालं तसं घर तापू लागलं. म्हणून आपल्या भागात इन्सुलेशन हलकंच हवं. गारव्यासाठी छतावर पुन्हा माती, दगड, विटा चढवण्याचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. घर अजून माळवदाचंच असेल तर नवी माती टाकणं थांबवा आणि जादा थर इंजिनिअरला दाखवून टप्प्याटप्प्याने उतरवून घ्या.

पहिलं काम: छत नीट बघून घ्या

लोखंडी पत्रा असेल तर भर दुपारी दारं-खिडक्या लावून खोलीत अंधार करा आणि वर बघा. जिथे जिथे भोक आहे तिथे उजेडाचा बारीक ठिपका चमकेल. बहुतेक ठिपके हुकांच्या आणि स्क्रूंच्या भोवती सापडतात, कारण तिथला रबरी वॉशर उन्हाने कडक होऊन फुटलेला असतो. खालून अँगलवर खडूने खुणा करून ठेवा. ही सगळी भोकं बुजल्याशिवाय पत्र्याखाली काहीही भरू नका. सिलिंग लागल्यावर गळती दिसत नाही. पाणी आत साठतं, इन्सुलेशन भिजतं, अँगल गंजतो, आणि हे कळतं तेव्हा सिलिंगवर तांबूस डाग पडून महिने लोटलेले असतात.

पत्र्यावर दगड ठेवलेले असतील तर ते उतरवा. आपल्याकडे वाऱ्याने पत्रे उडू नयेत म्हणून दगड ठेवण्याची सवय आहे. अवकाळीच्या वाऱ्यात पत्रा उचकटला की तोच दगड घरातल्या माणसावर येतो. पत्रा अँगलला हुकाने किंवा स्क्रूने पक्का आवळणं हा खरा उपाय, आणि सिलिंग बसवण्याआधीच तो करावा, कारण नंतर खालून हात पोचत नाही.

पत्रा सिमेंटचा असेल तर जास्त जपा. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत अॅस्बेस्टॉसचे तंतू असतात, आणि अॅस्बेस्टॉसमुळे कॅन्सर होतो हे पक्कं सिद्ध झालेलं आहे. पत्रा अखंड असेपर्यंत तंतू सिमेंटमध्ये धरलेले राहतात. ड्रिल मारलं, ग्राइंडरने कापला, तारेच्या ब्रशने कोरडा घासला की ते हवेत उडतात आणि छातीत जातात. म्हणून सिलिंगचा सांगाडा सिमेंटच्या पत्र्याला भोक पाडून कधीही टांगू नका, अँगललाच टांगा. वरून रंग द्यायचा असेल तर पत्रा पाण्याने ओला करून मऊ कुंच्याने साफ करा. फुटका पत्रा बदलायचा असेल तर ओला करून अखंड उतरवा. तुकडे करून अंगणात टाकू नका, लेकरं त्यावर खेळतात. नवा घेताना अॅस्बेस्टॉस नसलेला मागा, तसे पत्रे मिळतात.

दुसरं काम: आधी वायरिंग, मग इन्सुलेशन

या कामात घाई झालेली मी सगळ्यात जास्त बघतो. पत्र्याच्या खोलीत वायर बऱ्याचदा अँगलवरून सैल सोडलेली असते, जोड टेपने गुंडाळलेले असतात. उघड्यावर आहे तोवर तिची उष्णता निघून जाते. तीच वायर इन्सुलेशनखाली गाडली गेली की गरम होत राहते. वर पत्र्याची धग, आतून करंटची. कूलर, फ्रीज आणि मोटारीचा भार त्याच वायरीवर असेल तर तिचं आवरण कडक होऊन तडकतं.

थर्माकोलबाबत एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. वायरीवरचं पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात एक द्रव्य घातलेलं असतं. थर्माकोल वायरीला चिकटून राहिला की ते द्रव्य हळूहळू थर्माकोलमध्ये झिरपतं. थर्माकोलला वायरीच्या आकाराची खाच पडते आणि वायर ठिसूळ होते. वरून काही दिसत नाही. म्हणून कोणतंही इन्सुलेशन असो, वायर पाइपातूनच न्या, जोड फक्त जंक्शन बॉक्समध्ये ठेवा आणि ते बॉक्स सिलिंगच्या खाली उघडता येतील असे घ्या. जुनी टेपवाली वायर बदलून आयएसआयची घ्या. अर्थिंग तपासून घ्या. लोखंडी सांगाडा आणि पत्रासुद्धा अर्थला जोडलेला असावा, आणि मेन बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा. धक्का बसताक्षणी तो वीज तोडतो. सिलिंगमध्ये गोल लाइट खोबणीत बसवायचे असतील तर त्यांच्या वर आणि भोवती मोकळी जागा सोडा, इन्सुलेशन त्यांच्यावर पांघरू नका. शक्य असेल तर खोबणीचे लाइट टाळाच, साधी ट्यूब भिंतीवर लावा.

तिसरं काम: ऊन बाहेरच अडवा

आत काही भरण्याआधी बाहेरचा उपाय करा, तो स्वस्त आहे आणि आगीचा धोका वाढवत नाही. स्लॅबवर पांढरा चुना किंवा पांढरा रिफ्लेक्टिव्ह रंग दिला तर पडलेल्या उन्हातला बराचसा भाग परत जातो, आणि खोलीत दोन ते पाच अंशांचा फरक पडू शकतो. चुना विरवताना तो उकळतो आणि उडतो, डोळ्यांत गेला तर डोळा जाऊ शकतो. चष्मा लावा, लेकरांना लांब ठेवा. चुन्याचे दोन हात फाल्गुनात, होळीच्या आसपास द्या आणि मधे एकदा गच्ची धुवा, कारण धुळीने पांढरेपणा गेला की गुणही जातो. लोखंडी पत्र्यावर चुना टिकत नाही, तिथे पत्र्यासाठीचाच पांढरा रंग घ्या.

हिरवी नेटही चांगली, पण ती पत्र्यावर अंथरू नका. पत्र्यापासून दीड-दोन फूट वर ताणली तर मधून वारा खेळतो आणि पत्रा सावलीत राहतो. वाऱ्याने नेट फाटते, म्हणून पाइप पक्के रोवा आणि मृग लागण्याआधी ती उतरवून ठेवा.

पाचट, तुराट्या, पऱ्हाट्या, कडबा पत्र्यावर पसरायची जुनी पद्धत आहे. गारवा येतो, हे खरं. पण मे महिन्यात ते सगळं ठणठणीत वाळलेलं असतं. शेजारच्या चुलीची, लग्नाच्या फटाक्याची किंवा तारांच्या घर्षणाची एक ठिणगी पुरते. शिवाय त्यात विंचू आणि साप येतात. मी हे कुणालाच सुचवत नाही. वाडीवस्तीवर दुसरा पर्यायच नसेल तर निदान चुलीची बाजू आणि विजेची तार जिथून घरात येते ती बाजू मोकळी ठेवा.

एवढ्यावर भागतं का, हे एक उन्हाळा बघून ठरवा. स्लॅबच्या बऱ्याच घरांत भागतं. कूलरवर भिस्त ठेवणाऱ्यांनी हिशोब असा करावा: मोठा कूलर दुपारपासून रात्रीपर्यंत चालला तर शंभर लिटरच्या आसपास पाणी सहज पितो. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातूरला हे वेगळं सांगायला नको. छतातून येणारी उष्णता जेवढी कमी, तेवढं टँकरचं पाणी वाचतं.

चौथं काम: माल निवडा

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. दुकानात जे पाच-सहा प्रकार मिळतात त्यांची पेटण्याची, भिजण्याची आणि उंदीर लागण्याची तऱ्हा वेगवेगळी असते.

रॉकवूल आणि ग्लासवूल. एक वितळवलेल्या दगडाच्या तंतूंचं, दुसरं काचेच्या तंतूंचं. दोन्ही पेट घेत नाहीत. रॉकवूल तर हजार अंशांपर्यंत वितळत नाही. माणूस झोपतो त्या खोलीच्या वरच्या बंद पोकळीसाठी माझी पहिली पसंती रॉकवूलला आहे. किंमत थर्माकोलपेक्षा जास्त पडते, तरीही. पत्र्याखाली 50 मिलिमीटरचा थर दिला तर उघड्या पत्र्याच्या तुलनेत आत येणारी उष्णता साधारण सहाव्या-सातव्या हिश्शावर येते. घेताना त्याला चिकटवलेलं आवरण बघा: तंतू पेटत नाहीत, पण कागदाचं किंवा प्लास्टिकचं आवरण पेटतं. तंतूंनी अंग खाजतं, डोळे आणि घसा चुरचुरतो. कॅन्सरच्या भीतीबद्दल नेहमी विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने घरबांधणीतल्या काचलोकर आणि दगडलोकरीला कर्करोगकारक पदार्थांच्या गटात ठेवलेलं नाही. अॅस्बेस्टॉसची गोष्ट वेगळी आणि या लोकरीची वेगळी. तरीही ही लोकर उघडी ठेवू नका, खालून जिप्सम किंवा सिमेंट बोर्डाने पूर्ण बंद करा. मोठा दोष एकच: भिजली की बसते, गोळा होते आणि निकामी होते. म्हणूनच गळती आधी काढायची.

थर्माकोल. स्वस्त, हलका, कापायला सोपा. उष्णता अडवण्यात लोकरीच्या बरोबरीचा. पण नव्वद-शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतो आणि पेटला की जळते थेंब खाली टपकतात, काळा दाट धूर होतो. पॅकिंगचा थर्माकोल छताला लावणं म्हणजे घरावर सरपण रचणं. लावायचाच असेल तर ‘एसई’ म्हणजे ज्योत काढल्यावर आपोआप विझणाऱ्या प्रकारचा मागा. आयएस 4671 या मानकात साधा आणि एसई असे दोन प्रकार आहेत. शीट वजनकाट्यावर ठेवून बघा. एक मीटर बाय अर्धा मीटर आणि 50 मिलिमीटर जाडीची शीट वीसच्या घनतेची, म्हणजे घनमीटरला वीस किलोची, असेल तर अर्ध्या किलोच्या आसपास भरते. पाव किलो भरली तर ती पॅकिंगची. अंगणात, वारा नसताना, चिमट्यात छोटा तुकडा धरून काडी लावा: एसई आक्रसतो आणि काडी बाजूला घेतली की विझतो, साधा जळत राहतो. पण एसई म्हणजे न जळणारा नव्हे, मोठ्या आगीत तोही जळतो. म्हणून त्याच्या खाली जिप्सम बोर्ड हवाच. स्वयंपाकघरावर, देवघरावर आणि चूल असेल तिथे थर्माकोल कोणत्याही प्रकारचा नको. चिकटवायला वासाचा रबरी गोंद वापरू नका: तो थर्माकोल विरघळवतो आणि त्याची वाफ पेट घेते.

थर्माकोलमध्ये उंदीर बिळं करतात आणि मुंग्या घरं करतात. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची घरं दिवाळीनंतर महिनोन्महिने बंद असतात. अशा घरात परत आल्यावर सिलिंगच्या कडेला पांढरे मणी सांडलेले दिसले तर आधी मेन बंद करा, मग वर बघा. थर्माकोल कुरतडणारा उंदीर वायरही सोडत नाही.

फॉइल, म्हणजे बुडबुड्यांच्या प्लास्टिकला चिकटवलेला ॲल्युमिनियमचा पातळ थर. हे उष्णता परतवतं, पण समोर मोकळी हवा असेल तरच. पत्र्याला चिकटवून टाकलं तर निम्मं काम वाया जातं. पत्रा आणि फॉइल यांच्यात निदान इंचभर अंतर हवं, आणि चकचकीत बाजू खाली ठेवली तर तिच्यावर धूळ बसत नाही. धोका विजेचा आहे, कारण ॲल्युमिनियममधून करंट वाहतो. 2009-10 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सरकारने घरांना इन्सुलेशन बसवायची योजना घाईने राबवली आणि तीत चार तरुण कामगार मेले. तिघं विजेच्या धक्क्याने, चौथा छताखालच्या उकाड्याने. त्यांतल्या काही घटनांत धातूच्या पिना फॉइलमधून थेट वायरीत घुसल्या होत्या. पुढे फॉइलचं काम थांबवावं लागलं आणि योजनाही गुंडाळली गेली. आपल्या पत्र्याच्या खोल्यांतली वायरिंग बघता मला हे उदाहरण प्रत्येक मिस्त्रीला सांगावंसं वाटतं. फॉइल बसवताना मेन बंद हवा, पिना धातूच्या नकोत, आणि बुडबुड्यांचं प्लास्टिक अग्निरोधक आहे असं बिलावर लिहून हवं.

पफ, म्हणजे पॉलियुरेथेनचा फोम. फवाऱ्याने मारायचा आणि पॅनलमध्ये भरलेला, असे दोन. सारख्या जाडीत उष्णता अडवण्यात या यादीत हाच सरस. पण जळताना कार्बन मोनॉक्साइड आणि सायनाइडचा विषारी वायू निघतो, म्हणून माणसांच्या खोलीत तो उघडा राहता कामा नये. फवारा मारताना जी रसायनं मिसळतात त्यांनी दम्याचा त्रास उठतो. त्या वेळी आणि पुढचा किमान एक पूर्ण दिवस घरात कुणी राहू नये, आणि मारणाऱ्याकडे नुसता रुमाल नव्हे, रसायनांचा मास्क असावा. एकदम जाड थर मारला तर रसायन आतूनच तापून पेटू शकतं, पातळ थर देत जायचं असतं. अनुभवी माणूस नसेल तर फवाऱ्याच्या वाटेला जाऊ नका. पत्रा बदलायचाच असेल तर तयार सँडविच पॅनल, म्हणजे दोन पत्र्यांच्या मधे इन्सुलेशन भरलेलं, चांगलं. त्यातही रॉकवूल भरलेलं मिळालं तर तेच घ्या. कापलेल्या कडा पट्टीने बंद करून घ्या, उघड्या कडेतून आग आणि उंदीर दोन्ही आत शिरतात.

पीव्हीसीच्या पट्ट्या दिसायला देखण्या असतात, पण त्या इन्सुलेशन नव्हेत. थोडीशी हवेची पोकळी तयार होते, एवढंच. जळल्यावर डोळे आणि छाती जाळणारा आम्लाचा धूर होतो. बैठकीच्या खोलीत शोभेसाठी हव्या असतील तर लावा, पण त्यांच्यावर थर्माकोल भरून दोन्ही धोके एकत्र करू नका.

पाचवं काम: स्लॅब असेल तर वरून

स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि मध्यरात्र उलटेपर्यंत खाली सोडत राहतो. खालून सिलिंग केलं तर खोलीला थोडा आराम पडतो, पण स्लॅब तापतच राहतो, आकुंचन-प्रसरणाने चिरतो आणि पावसाळ्यात गळतो. म्हणून स्लॅबचं इन्सुलेशन वरून करावं. त्यात आणखी फायदा असा, की पेटणारी वस्तू काँक्रीटच्या वर राहते, माणूस खाली.

इथे एक्सपीएस बोर्ड वापरतात. थर्माकोलचाच घट्ट, बंद पेशींचा भाऊबंद, पाणी फार कमी शोषणारा. आधी उतार नीट करा, मग वॉटरप्रूफिंग, गच्चीत पाणी तुंबवून दोन दिवस खाली ओल येते का ते बघा. मग बोर्ड सांधे जुळवून मांडा, त्यावर विणलेलं नसलेलं जिओटेक्स्टाइल कापड आणि त्यावर जाळी घालून दीड-दोन इंचाचा काँक्रीटचा थर किंवा पांढऱ्या फरश्या. बोर्ड उन्हात उघडा ठेवू नका, महिन्याभरात पिवळा पडून भुगा होऊ लागतो. केंद्र सरकारच्या इको निवास संहिता 2018 मध्ये छतासाठी उष्णतावहनाची मर्यादा 1.2 ठेवली आहे, म्हणजे आतबाहेरच्या तापमानातल्या दर अंश फरकामागे चौरस मीटरला 1.2 वॅट. नुसता पाच इंची स्लॅब तीनच्या वर असतो. 25 मिलिमीटर एक्सपीएसने तो एकच्या आत येतो, म्हणजे उष्णता चौथ्या हिश्शाच्या आसपास. त्यामुळे फार जाड बोर्ड घेण्यात पैसे घालवू नका, 25 ते 40 मिलिमीटर आपल्याकडे पुरतो.

विटांच्या तुकड्यांचा कोबा गवंडी आवडीने सुचवतो. चार इंची कोब्याचं वजन चौरस मीटरला दोनशे किलोच्या घरात जातं. स्लॅब जुना असेल, सळई उघडी पडली असेल किंवा खालच्या भिंती मातीत बांधलेल्या असतील, तर तो नको. जुन्या कोब्यावर नवा कोबा तर मुळीच नको.

सहावं काम: पत्र्याखालची रचना

वरून खाली येताना क्रम असा: पांढरा रंगवलेला पत्रा, मग निदान दोन-तीन इंच मोकळी हवा, मग रॉकवूल, मग साडेबारा मिलिमीटरचा जिप्सम बोर्ड. पावसाची झड लागणाऱ्या बाजूला जिप्समऐवजी सिमेंट फायबर बोर्ड, अॅस्बेस्टॉस नसलेला. दहा बाय पंधराच्या खोलीत हे सगळं, सांगाडा धरून, दोनशे किलोच्या आसपास जातं. एवढं वजन पत्र्याला नव्हे, अँगलला टांगायचं, आणि अँगल बारीक किंवा वाकलेला असेल तर आधी तो बदलायचा.

मोकळ्या हवेला वाट हवी. समोरासमोरच्या दोन्ही भिंतींत, पत्र्याच्या लगत, झरोके सोडा आणि त्यांना सहा मिलिमीटरपेक्षा लहान भोकांची लोखंडी जाळी घट्ट बसवा. जाळी मोठी असेल तर चिमणी, उंदीर आणि त्यांच्या मागे साप येतो. प्लास्टिकची जाळी उंदीर एका रात्रीत कुरतडतो. पन्हाळी पत्र्याच्या टोकाला, भिंतीवर जिथे नागमोडी फटी राहतात, तिथे सिमेंटने बुजवा. फोम कोंबून ठेवू नका. सिलिंगमध्ये दोन फूट बाय दोन फुटांचं उघडता येणारं झाकण ठेवा. ते नसेल तर वर काय चाललंय हे कधीच कळणार नाही.

लातूरला शिकायला आलेल्या पोरांना गच्चीवरच्या पत्र्याच्या खोल्या भाड्याने देणाऱ्या मालकांनी हे खास लक्षात घ्यावं. त्या खोल्यांना बहुधा एकच दार असतं, पोरं आत हीटर आणि इंडक्शन वापरतात. तिथे थर्माकोल किंवा पीव्हीसी लावू नका. खिडकीचे गज आतून उघडता येतील असे करा आणि जिन्यात अडगळ ठेवू नका. पालकांनीही खोली बघायला गेल्यावर सिलिंगला हात लावून ते कशाचं आहे हे विचारावं.

काम करताना

पत्र्यावर किंवा पत्र्याखाली काम सकाळी दहाच्या आत उरका. दुपारी पत्रा साठ-सत्तर अंशांपर्यंत जातो, त्याच्या खाली शिडीवर उभ्या माणसाला ऊन लागायला वेळ लागत नाही. कामगाराला पाणी, मीठ-साखर आणि दर अर्ध्या तासाला सावली द्या. सिमेंटच्या पत्र्यावर पाय देऊन चढू देऊ नका, तो माणसासकट खाली येतो. अँगलवर टेकेल अशी आडवी फळी टाकून तिच्यावरूनच हलायचं. लोकर हाताळताना पूर्ण बाह्यांचा सदरा, चष्मा आणि एन-95 मास्क हवा. संध्याकाळी गार पाण्याने अंग धुवा, चोळू नका, आणि ते कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका.

बिल पक्कं घ्या. त्यावर मालाचं नाव, जाडी, घनता आणि अग्निरोधक प्रकार लिहून घ्या: ‘सिलिंग काम एकूण इतके’ असं बिल पुढे कुठेच उपयोगी पडत नाही. मालाची एक शीट आणि तिच्यावरचं लेबल जपून ठेवा. काम चालू असताना बोर्ड बंद करण्याआधी वायर कुठून कुठे गेली त्याचे मोबाइलवर फोटो काढा, म्हणजे पुढे पंखा बदलणारा इलेक्ट्रिशियन आंधळेपणाने ड्रिल मारणार नाही.

पहिला मोठा पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी झाकण उघडा आणि बॅटरी घेऊन वर बघा. लोकर हाताला ओलसर लागली तर तेवढा तुकडा काढून उन्हात वाळवा. दबून गोळा झाली असेल तर बदला, आणि वरचं भोक शोधा. लेंड्या दिसल्या तर जाळी तपासा. दिवाळीच्या साफसफाईत आणि होळीच्या आधी असं वर्षातून दोनदा बघणं पुरेसं आहे. बॅटरी मात्र हातातलीच घ्या, मेणबत्ती किंवा लांब वायरीचा उघडा बल्ब त्या पोकळीत नेऊ नका.